खूणगाठ कुठे बांधावी?

राम गणेश गडकऱ्यांच्या 'प्रेमसंन्यास'मधला विसरभोळा गोकुळ वर्गात शिकवताना हशा हमखास मिळतो. 'गोकुळची साक्ष' हा मराठीच्या शिक्षकाला तारून नेणारा प्रवेश आहे. शेवटच्या तासाला पेंगणारा वर्गसुद्धा जागा होतो. मीही तो अनेक वर्षे त्याच आनंदाने शिकवला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एका मनोविकारतज्ज्ञांनी माझ्या विसरण्याला नाव दिले, आणि त्यानंतर गोकुळ शिकवताना मी पहिल्यांदा मध्येच थांबलो. विद्यार्थ्यांना वाटले, सर पुढचे विसरले. तेही खरेच होते.

त्या नावाचे मराठी रूपांतर 'अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता' असे काहीसे होईल. व्यवहारात सगळे एडीएचडीच म्हणतात. प्रौढ वयात हे घेऊन जगताना रोजचा जो ताण असतो, त्याविषयी मला लिहायचे आहे. पण सुरुवात शब्दांपासून करावी लागेल, कारण हा ताण बराचसा शब्दांनीच घडवलेला आहे.

मराठीला या माणसाची ओळख नाही असे मुळीच नाही. वेंधळा, धांदरट, विसरभोळा, धरसोड वृत्तीचा, आरंभशूर, बेशिस्त, आळशी. शिवाय प्रगतिपुस्तकातला तो अमर शेरा : 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही.' या शब्दांपैकी निम्मे हसवण्यासाठी आहेत आणि निम्मे दोष देण्यासाठी. नुसते वर्णन करणारा शब्द त्यांत शोधूनही सापडत नाही. वैद्यकाची सुरुवातही याहून फार वेगळी नव्हती. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा काही मुलांचे वर्णन केले, तेव्हा त्याने तो नैतिक नियंत्रणातला दोष मानला होता. वैद्यक त्या समजुतीतून पुढे सरकले. आपली भाषा आणि आपल्या स्टाफरूम मात्र अजून तिथेच आहेत.

आजची समजूत थोडक्यात अशी : अवधान नसते असे नाही, ते हवे तेव्हा हवे तिथे वळवता येत नाही. हातातली गोष्ट क्षणभर मनात धरून ठेवणे, वेळेचा अंदाज घेणे, काम सुरू करणे आणि सुरू असलेले थांबवणे या क्रिया इतरांच्यात जशा आपोआप घडतात तशा येथे घडत नाहीत. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या निकषांत लक्षणे वयाच्या सातव्या वर्षाआधी दिसणे आवश्यक होते. २०१३ च्या आवृत्तीत ती मर्यादा बाराव्या वर्षापर्यंत आली आणि प्रौढांसाठी लक्षणांची किमान संख्याही सहावरून पाचवर आली. प्रौढांमधले प्रमाण साधारण अडीच टक्के, म्हणजे चाळिसांमागे एक, असे मानले जाते. ऐंशी जणांच्या वर्गात दोघे. स्टाफरूममध्ये कदाचित एक.

आता ताण. तो कामाच्या ओझ्याचा असतो असा समज आहे. माझ्या अनुभवात तो थकलेल्या कर्जासारखा असतो : मुद्दल लहान, व्याज प्रचंड. तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज सहीसाठी माझ्या टेबलावर आठ दिवस पडून होता. ती पाथर्डीकडची, ऊसतोड कामगारांच्या घरातली, रोज एसटीने येणारी. पहिले काही दिवस मी अर्ज विसरलो नव्हतो. तो मला रोज दिसत होता, आणि रोज मी 'आता करू' म्हणत होतो. माझ्या मेंदूला काळाचे दोनच भाग कळतात, 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. पुढचा शुक्रवार आणि पुढचे वर्ष हे दोन्ही दुसऱ्या भागात मोडतात. मग उत्तरपत्रिकांचा गठ्ठा त्या अर्जावर ठेवला गेला. अर्ज दिसेनासा झाला, म्हणजे माझ्यापुरता तो नाहीसाच झाला. मुदत टळली. ती मुलगी मला एक शब्दही बोलली नाही. अजूनही वर्गाबाहेर एखादा विद्यार्थी कागद घेऊन उभा दिसला की माझ्या छातीत धस्स होते.

हे सांगण्यात माझा बचाव नाही. निदानाने कारण कळते. झालेले नुकसान त्या मुलीच्याच पदरी राहते. मला त्या आठ दिवसांत केलेल्या उपायाविषयी बोलायचे आहे. मी दररोज रात्री स्वतःला रागावत होतो आणि 'उद्या नक्की' अशी मनाशी खूणगाठ बांधत होतो. म्हणजे जे मन गाठ धरून ठेवू शकत नव्हते, त्याच मनाला मी गाठ बांधत होतो.

'मनाशी खूणगाठ बांधणे' हा वाक्प्रचार आपण शिकवतो, पण त्यातल्या गाठीकडे पाहत नाही. जुन्या बायका बाजारातून काही आणायचे असले की पदराच्या टोकाला गाठ मारत. पुरुष उपरण्याला, धोतराच्या सोग्याला. ती गाठ हाताला लागे, डोळ्यांना दिसे. लक्षात ठेवण्याचे काम कापडावर सोपवलेले असे, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. पुढे गाठ कापडावरून मनात गेली, लक्षणार्थ तेवढा उरला, आणि स्मरण हा चारित्र्याचा गुण होऊन बसला. माझे म्हणणे एवढेच आहे की ही गाठ पुन्हा पदराला बांधली पाहिजे.

यावर हमखास येणारा आक्षेप आपल्या परंपरेतूनच येतो : 'मन चंचल कोणाचे नसते? ध्यान करा, अभ्यासाने मन वळते.' हा सल्ला मला कितीतरी हितचिंतकांनी दिला आहे, आणि तो गीतेच्या सहाव्या अध्यायातला आहे हेही खरे. गेल्या वर्षी मी मुद्दाम नेवाशाला गेलो. प्रवरेकाठच्या या गावात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. दुर्गाबाई भागवतांनी 'पैस' या ललितलेखात ज्याच्याविषयी लिहिले, तो खांब तिथे आहे. परत आल्यावर सहावा अध्याय पुन्हा वाचला आणि एक क्रम लक्षात आला. मन वाऱ्यासारखे आवरायला कठीण आहे ही अर्जुनाची तक्रार अध्यायाच्या उत्तरार्धात येते. तिच्याआधी जागा कशी असावी, आसन कसे असावे, खाणे, झोपणे व जागणे किती बेताचे असावे हे येऊन गेलेले असते. ज्ञानेश्वरांनी तर त्या जागेचे वर्णन इतक्या हौसेने केले आहे की वाचणाऱ्याला तिथे जाऊन बसावेसे वाटावे. आधी भोवतालची व्यवस्था, मग शरीर, मग मन. आणि मन भरकटले की प्रत्येक वेळी त्याला परत आणावे असे तिथे सांगितले आहे. एकदाच पक्के बांधून टाकावे असे नाही. आपले हितचिंतक पहिली पाने गाळून शेवटचे तेवढे सांगतात.

त्या खांबाविषयीची परंपराही मला आता वेगळी दिसते. ज्ञानेश्वर खांबाला टेकून सांगत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. यात ज्ञानदेवांना कोणतेही निदान चिकटवण्याचा माझा विचार नाही. तसे करणे हास्यास्पद ठरेल. मला दिसते ते इतकेच की मराठीतल्या सर्वांत मोठ्या ग्रंथाच्या आठवणीतही पाठीला टेकू आहे आणि शेजारी लिहिणारा माणूस आहे. आधार घेण्याची लाज आपल्याला परंपरेने शिकवलेली नाही.

आधुनिक संशोधनाचे बोटही इकडेच आहे. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, औषध घेऊनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांपैकी काहींना शिथिलीकरण आणि माहिती दिली गेली. इतरांना कामांची नोंद, नियोजन, कामाचे तुकडे पाडणे आणि स्वतःविषयीचे विचार तपासणे ही कौशल्ये शिकवली गेली. दुसऱ्या गटाला अधिक फायदा झाला. मन शांत करणे वाईट नाही, पण टेबलावरचा अर्ज त्याने निघत नाही. आणि अर्ज निघाला की मन बरेचसे आपोआप शांत होते.

माझ्या गाठी अगदी साध्या आहेत. एकच वही, आणि ती नेहमी शबनमीत. सहीचा कागद कोणी आणला तर तो हातात असतानाच, उभ्या उभ्या सही. 'ठेवून जा' हे शब्द मी टाकले आहेत. उत्तरपत्रिका दहा-दहांच्या जुड्यांत, आणि तपासताना एक सहकारी समोर बसून स्वतःचे काम करत असतात. आम्ही बोलत नाही. दुसऱ्याच्या नुसत्या असण्याने माझे काम चालते. निघायच्या वेळेचा गजर वेगळा आणि तयारीला लागायचा वेगळा. झोपेची वेळ ठरलेली. डॉक्टरांनी दिलेले औषध मी घेतो. त्याने स्वभाव बदलला नाही, काम सुरू करताना समोर असायची ती भिंत थोडी बुटकी झाली. सगळ्यांनाच औषध लागते किंवा मानवते असे नाही, तो निर्णय तज्ज्ञांचा.

दुसरा आक्षेप असा की मोबाइलच्या काळात सगळेच असे झाले आहेत. मोबाइलने सर्वांचे अवधान तुटले हे मान्य. पण निदानासाठी लक्षणांचा उगम बालपणात लागतो, ती घर आणि काम अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी जगणे खरोखर अडावे लागते. माझ्या तिसरीतल्या हरवलेल्या पाट्यांना मोबाइल जबाबदार नव्हता. हा लेख वाचून कोणी स्वतःच स्वतःचे निदान करू नये, हेही तितकेच आग्रहाने सांगतो.

शेवटी आपल्या पेशाविषयी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडीचे नाव नाही. वर्गातल्या त्या दोघांना परीक्षेत काय सवलत मिळेल ती मिळो, पण काही गोष्टींना कायदा लागत नाही. सूचना तोंडी दिली तर फळ्यावरही लिहावी. प्रकल्पाला एकच अंतिम तारीख न देता मधल्या दोन द्याव्यात. आणि 'हुशार आहे, पण' हा शेरा लिहिताना हात थांबावा, कारण तो मुलगा पुढची तीस वर्षे त्यातला 'पण' तेवढा पाठ करत बसतो.

गोकुळ मी यापुढेही शिकवणार आहे. गडकऱ्यांचा विनोद अस्सल आहे आणि त्यावर मलाही हसू येते. फक्त हशा ओसरल्यावर वर्गाला एक प्रश्न विचारायचे ठरवले आहे : या माणसाला मदत करायची असती, तर तुम्ही काय केले असते? विसरू नये म्हणून तो प्रश्न मी पुस्तकाच्या समासात लिहून ठेवला आहे.