सोडविलेल्या घोड्याची शुश्रूषा

नलोपाख्यान आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाला एका दिवसांत विदर्भांतील कुंडिनपुरास पोहोंचावयाचें होतें. बाहुक या नांवानें त्याच्या पदरीं राहिलेल्या नळानें रथास जोडण्यासाठीं अंगानें कृश असे घोडे निवडले, तेव्हां राजाला राग आला. परंतु नळाला अश्वहृदय ही विद्या अवगत होती. वरून हाडकुळ्या दिसणाऱ्या घोड्याच्या अंगीं काय आहे तें त्याला कळत होतें. आज ज्या घोड्यांविषयीं लिहावयाचें आहे तेही कृश आहेत. मात्र त्यांची कृशता उपासमारीची, दुखण्याची व भीतीची आहे. असा घोडा कोणाच्या तरी हातून सोडवून आणणें हें एका दिवसाचें काम. त्याला पुन्हां बरा करणें हें वर्षाचें काम. पहिल्या कामाची वाहवा होते. दुसऱ्याविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं, म्हणून या खेपेस तोच विषय घेतला आहे.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या पुष्कळांनीं पाहिल्या असतील. जून २०१५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें मौजेखातर चालणाऱ्या या घोडागाड्या बेकायदेशीर ठरविल्या, वर्षभरांत त्या बंद कराव्या असें सांगितलें, आणि त्यांवर पोट भरणाऱ्या कुटुंबांची सोय लावण्याचें काम शासनाकडे सोंपविलें. निर्णय योग्यच झाला. परंतु बंद झालेली गाडी कोपऱ्यांत उभी करून ठेवतां येते. घोडा दुसऱ्या दिवशीं सकाळींही चारा मागतो. धन्याची कमाई थांबली कीं प्रथम कमी होते ती घोड्याची चंदी. यांत धनी दुष्टच असतो असें नाहीं. ज्याच्या घरांत मुलांच्या ताटांत कमी पडूं लागलें आहे, त्याला तोबरा भरून देणें कठीण जातें. माथेरानचा डोंगर, लग्नाची वरात, सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, अशा ठिकाणीं घोडा आजही दृष्टीस पडतो. तेव्हां म्हातारे, लंगडे व टाकून दिलेले घोडेही दिसत राहणारच.

असें उपाशी जनावर दारीं आलें म्हणजे घरांतील माणसांच्या मनांत पहिली गोष्ट येते ती त्याला पोटभर खाऊं घालण्याची. आजी गूळ आणतात, सुना भिजलेले हरभरे आणतात, मुलें पोळ्या आणतात. हेतु निर्मळ खरा, परंतु याच प्रेमानें घोडा दगावूं शकतो. त्याचें जठर देहाच्या मानानें फार लहान असतें आणि त्याला ओकारी होत नाहीं. म्हणून अजीर्णाचा पोटशूळ त्याच्या जिवावर बेततो. दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. दीर्घ उपासानंतर धान्य किंवा गोड पदार्थ पोटांत गेला कीं रक्तांतील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम ही द्रव्यें झपाट्यानें पेशींत ओढलीं जातात, रक्तांत त्यांची तूट पडते, आणि अन्न सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत हृदय थकून घोडा मरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनीं या प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष असा कीं अशा घोड्याला धान्य न देतां लसूणघास द्यावा. तोही दर चार तासांनीं थोडाथोडा, आणि सुमारें दहा दिवसांत हळूहळू वाढवीत न्यावा. स्वच्छ पाणी मात्र सदैव पुढें असावें. अंगावर मांस परत येण्यास तीन ते पांच महिने लागतात. आमच्याकडे लंघनानंतर प्रथम पेज देतात व पक्वान्न मागाहून, त्यांतील तत्त्व येथेंही लागू आहे.

पहिल्याच दिवशीं करावयाची दुसरी गोष्ट म्हणजे त्याला इतर जनावरांपासून वेगळा बांधणें व पशुवैद्यास बोलावणें. घोड्याच्या वैद्याला मराठींत सालोत्री म्हणतात. शालिहोत्र या प्राचीन अश्वशास्त्रकाराचेंच नांव त्या शब्दांत शिल्लक राहिलें आहे. पशुवैद्य रक्त तपासून घेतील. ग्लँडर्स नांवाचा रोग घोड्याकडून माणसासही होतो. तो आढळल्यास सरकारला कळविणें कायद्यानें आवश्यक आहे. गोमाश्या चावून पसरणारा सर्रा नांवाचा ज्वर आमच्या देशांत आहेच. धनुर्वाताचा धोका घोड्यास फार, म्हणून ती लस टोंचून घ्यावी. नंतर दांत पाहावे. घोड्याचे दांत आयुष्यभर वर येत राहतात, त्यांना धारदार कडा येतात, आणि गाल व जीभ सोलली जाते. चघळलेल्या चाऱ्याचे बोळे घोडा तोंडांतून खालीं टाकूं लागला कीं दांतांचें दुखणें आहे असें समजावें.

शेवटीं खूर. इगतपुरीसारख्या घाटमाथ्यावरच्या गांवीं पावसाळ्याचे चार महिने जमीन वाळत नाहीं. ओल्या शेणामुतांत उभ्या राहिलेल्या घोड्याच्या तळखुरांतील खांचा सडतात व त्यांतून काळा, दुर्गंधी द्रव येतो. उंच, कोरडी, निचऱ्याची पडवी आणि रोज खूर खरवडून साफ करणें, हाच त्यावर मुख्य उपाय. खुराची भिंत महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढते. वरून निघालेलें नवें खूर टोंकापर्यंत येण्यास नऊ ते बारा महिने जातात. आरंभीं वर्षाचें काम म्हटलें तें याच हिशेबानें.

आतां स्वभावाकडे येऊं. चावरा, लाथाळ, बुजरा, अडेल अशीं विशेषणें घोड्यास फार लौकर चिकटतात. परंतु तंग आवळतांना जो चावतो, त्याच्या पाठीवर बहुधा खोगिराचा जुना घाव असतो किंवा पोटांत व्रण असतो. लगाम दिसतांच मान झटकणाऱ्याचें तोंड सोललेलें असतें. पाठीमागून कोणी आलें कीं दुगाण्या झाडणाऱ्याला मागचें दिसतच नाहीं. घोड्याचे डोळे बाजूंस असल्यामुळें जवळजवळ चोहोंकडचें त्याला दिसतें, मात्र शेपटीच्या थेट मागें व कपाळाच्या अगदीं पुढें त्याची दृष्टि पोहोंचत नाहीं. मोकळा घोडा दिवसरात्रींतले बहुतेक तास चरत असतो. त्याला एकटाच, रिकाम्या गव्हाणीपुढें बांधून ठेवला तर तो लांकूड चावूं लागतो किंवा उभ्या जागीं झुलत राहतो. यांतील प्रत्येक खोड हें घोड्यानें दिलेलें उत्तर आहे. म्हणून आधीं दुखणें शोधावें. तें बरें झाल्यावरही जी संवय उरेल, तिलाच खोड म्हणावें.

ती संवय मोडतांना मार उपयोगी पडत नाहीं, आणि नुसते लाडही उपयोगी पडत नाहींत. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणावरून. म्होरकीची दोरी हलकेच ताणावी आणि त्यानें एक पाऊल पुढें टाकतांच ती ताबडतोब सैल करावी. या सैल करण्यांतच त्याला कळतें कीं आपण योग्य केलें. बुजल्यावर लगेच मागें सरलें तर तो बुजण्यास शिकतो. आणि भ्यालेल्या घोड्याला फटका दिला तर त्याची भीति खरी ठरते. रागाच्या भरांत घोड्याशीं व्यवहार करूं नये, असें ग्रीक ग्रंथकार झेनोफन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच लिहून ठेवलें आहे. द्रोणपर्वांत जयद्रथाच्या शोधांत निघालेल्या अर्जुनाचे घोडे थकले, तेव्हां ऐन रणांत श्रीकृष्णानें ते सोडले, त्यांच्या अंगांत रुतलेले बाण काढले, त्यांना हातांनीं चोळलें, पाणी पाजलें व चारा घातला, आणि मगच पुन्हां रथास जोडलें. सूर्यास्तापूर्वीं प्रतिज्ञा पुरी व्हावयाची होती, तरी तेवढा वेळ वांयां गेला असें कोणी म्हटलें नाहीं. मुलांना ही कथा अवश्य सांगावी; मात्र वडील माणूस जवळ असल्याशिवाय अशा घोड्याजवळ त्यांना जाऊं देऊं नये. दुसरा घोडा, गाढव, निदान एखादी शेळी सोबतीस असली तर तो लौकर निवळतो.

बरा झालेला प्रत्येक घोडा कामास येईलच असें नाहीं. जो येईल त्याच्यासाठीं १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा व १९६५ चे ओझ्याच्या जनावरांविषयींचे नियम आहेत: दिवसांत एकूण नऊ तासांहून अधिक काम नको, सलग पांच तासांहून अधिक नको, तपमान ३७ अंशांवर असतां दुपारीं बारा ते तीन काम नको, आणि कांटेरी लगाम मुळींच नको. हे नियम प्रत्येक सुशिक्षित घरीं माहीत असावे, कारण मुलांना घोड्यावर बसविण्यासाठीं पैसे देणारे आपणच असतों. बसण्यापूर्वीं घोड्याची पाठ व तोंड पाहावें. घाव दिसला तर पैसे परत न मागतां मुलाला खालीं उतरवावें व धन्यास शांतपणें कारण सांगावें.

घोडा पंचवीस-तीस वर्षें जगतो. दहा वर्षांचा घोडा सोडवून आणणाऱ्यानें पुढील पंधरा वर्षांचा चारा, नालबंद व पशुवैद्य यांचा भार उचलला, असा त्याचा अर्थ होतो. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ असतात, तरीही खरारा रोज कोणी करावयाचा हें आधीं ठरलेलें बरें. ज्यांना हें जमणार नाहीं त्यांनीं घोडा आणूं नये. जो सांभाळीत आहे त्याला दरमहा एका गठ्ठ्याचा चारा पाठवावा. त्यानेंही घोडा जगतो.