मार्चमध्ये कोळसा, मेमध्ये पीठ

सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी आटोपली की पुढे कितीतरी दिवस मोबाइलवर तेच फोटो फिरत राहतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, अंगावर राखेचे ठिपके आणि ठिपक्यांच्या मागचा माणूस कोळशासारखा काळाकुट्ट. बाहेरून आलेले हौशी फोटोग्राफर कॉन्ट्रास्ट असा ताणतात की कातडीतली तपकिरी, तांबूस छटा नावालाही उरत नाही. मे महिन्यात त्याच गड्याचं लग्न लागतं. अल्बम गावातलाच स्टुडिओवाला करतो आणि त्यात नवरदेव पिठात लोळून आल्यासारखा दिसतो. हात मात्र सावळेच, कारण कॉम्प्युटरवरचा ब्रश फक्त तोंडावर फिरलेला असतो.

शहाद्यात माझा स्टुडिओ आहे. माझ्या मते हे दोन्ही फोटो एकाच आळसातून निघतात. समोरच्याचा रंग कुणी नीट पाहिलेलाच नसतो.

आमचे धंद्यातले लोक म्हणतात, गिऱ्हाईकच गोरं करून मागतं. मागतं, खोटं नाही. "दादा, बायोडाटाला लावायचाय, जरा उजळ करा," असं मुलीची आई सांगते. पण तिने आणलेला जुना फोटो बघा. त्यात मुलीचे डोळे दिसत नाहीत, नाकाची ठेवण दिसत नाही. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेवर आणू पाहतं. मागे पांढरा पडदा लावला की ते उजेड कापतं आणि सावळा चेहरा अंधारात जातो. मग तो अंधार पुसायला सरसकट पांढरेपणा चढवतात. त्यापेक्षा चेहऱ्याजवळ त्याच मधल्या करड्या छटेचं ग्रे कार्ड धरून एक्सपोजर ठरवावं, फ्लॅश थेट तोंडावर न मारता छत्रीतून बाजूने टाकावा. सावळ्या कातडीवर गालाचा उंचवटा सावलीपेक्षा चमकेतून जास्त कळतो. ती चमक मऊ आणि पसरट हवी. थेट फ्लॅशने नुसता तेलकट डाग पडतो.

उजेडाचा रंगही बघावा लागतो. घरातल्या हिरव्या-निळ्या भिंती आपला रंग गालावर टाकतात. स्वस्त एलईडी ट्यूबमध्ये तांबडा भाग तोकडा असतो, त्यामुळे धडधाकट माणूस आजारी दिसतो. ग्रे कार्ड जवळ नसेल तर मी पावरा आदिवासी बायकांच्या गळ्यातली चांदी बघतो. स्क्रीनवर ती निळसर किंवा पिवळट दिसली की व्हाइट बॅलन्स चुकलाच म्हणून समजायचं.

फिल्मच्या जमान्यात यंत्रंही आपल्या बाजूची नव्हती. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला 'शर्ली कार्ड' असायचं. त्यावर बराच काळ गोरीच बाई होती. गडद तपकिरी रंग नीट उतरत नाही अशी फर्निचर आणि चॉकलेटवाल्यांनी तक्रार केली तेव्हा फिल्म सुधारायला घेतली, असं पुढे कोडॅकमधल्याच लोकांनी सांगितलं. माणसांच्या आधी कपाटांचा नंबर लागला! आजचा डिजिटल कॅमेरा सावळा रंग व्यवस्थित टिपतो. त्यामुळे आता यंत्राकडे बोट दाखवायची सोय नाही. मोबाइलचा ब्यूटी मोड तर आपणच बंद करायचा असतो.

हा केवळ लग्नाच्या अल्बमपुरता प्रश्न असता तर मी वर्तमानपत्रात लिहायला बसलो नसतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातली पहिली आधार कार्डं नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत वाटली गेली. आता अंगणवाडीतला घरी न्यायचा आहारसुद्धा मोबाइलने चेहरा ओळखून देतात. आधारवरच्या काळवंडलेल्या फोटोशी चेहरा जुळला नाही तर पाड्यावरून चालत आलेल्या बाईला हेलपाटा पडणार. म्हणून ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्यांना प्रशासनाने उजेडाचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. त्याची वाट न पाहता एक गोष्ट उद्यापासून करता येईल. खिडकीकडे पाठ करून ठेवलेली खुर्ची फिरवावी आणि माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवावं.