किती चाललात, की काय पाहिलेत?

सहलीहून परतलेल्या मुलांना मी ‘काय पाहिलेत?’ असे विचारतो, तेव्हा बहुधा ‘सर, वीस किलोमीटर चाललो!’ असे उत्तर मिळते. अंतरावरूनच पायपिटीची किंमत ठरते, ही समजूत किती फसवी आहे हे पाहण्यासाठी आपण उत्तर स्वीडनमधील आबिस्को येथे जाऊ या.

आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला असलेल्या या ठिकाणाहून लहानमोठ्या अनेक वाटा निघतात. नदीच्या घळीच्या काठाने एक छोटी फेरी होते. आबिस्कोयाउरे येथील निवारा १५ किलोमीटरवर, म्हणजे दिवसभराच्या चालीवर आहे. निक्कालुओक्ता सुमारे ११० किलोमीटरवर. तेथे पोहोचायला आठवडा लागतो. आणि हेमावानपर्यंतची ‘कुंग्सलेडेन’, म्हणजे राजाची वाट, ४०० किलोमीटरांहूनही लांब आहे. तुम्ही कोणती निवडाल?

मी म्हणेन, आधी लहान. हा भित्रेपणा नव्हे. आबिस्को सुमारे ६८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यात सूर्याची २३.४ अंशांची क्रांती मिळवून ९० वजा करा. उत्तर येते १.८. म्हणजे २१ जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाच्या वरच! सह्याद्रीत मावळता सूर्य ‘आता परत फिरा’ असे बजावतो. तेथे असे बजावणारा कोणी नाही. पाय थकतात, पण उजेड पुढे ओढतो. त्यातच पावसाने कपडे भिजले, तर अंगातील उष्णता झपाट्याने जाते. कारण पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. म्हणून कोठून परतायचे, हे निघण्यापूर्वीच ठरवले पाहिजे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आबिस्कोच्या संशोधन केंद्रात १९१३ पासून हवामानाच्या नोंदी होत आहेत. एकाच जागी, दिवसामागून दिवस! पूर्वी शून्याखाली असणारे तेथील वर्षाचे सरासरी तापमान आता शून्याच्या वर गेले आहे, हे या नोंदींमुळेच कळले. आसपासच्या दलदलीतील कायम गोठलेली जमीनही वितळू लागली आहे. झपाझप पुढे जाणाऱ्या प्रवाशाला हे कसे दिसणार?

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षी लांबची एक सहल कमी करा. गावाजवळची एकच टेकडी निवडून पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तेथे मुलांना न्या. बरोबर तापमापक आणि वही असू द्या. अंतर थोडेच भरेल, वही मात्र भरलेली असेल.