पेटी खाटेखाली ठेवू नका



आज खताविषयी लिहीत नाही, किडीविषयीही नाही. आज घरातल्या माउलीच्या दिवसाविषयी चार शब्द लिहायचे आहेत. शेतकी खात्यातल्या माणसाने या विषयात कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. पण पेरणी केव्हा, खुरपणी केव्हा, फवारणी केव्हा हे आम्ही तुम्हाला बारा महिने सांगत असतो. त्या खुरपणीला वाकणाऱ्या बाईचा दिवस केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो, हे मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते. ते मला एका ताईंनी शिकवले.

या ताई राहुरी तालुक्यात एका वस्तीवर राहतात. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. गावापासून वस्ती तीन किलोमीटर. अडीच एकर जमीन, त्यात एक एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि कांदा. दारात दोन संकरित गाई. घरात नवरा, सासूबाई आणि तीन लेकरे. घर ख्रिस्ती. या जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या शेती करणारी ख्रिस्ती कुटुंबे पुष्कळ आहेत, हे इकडच्या वाचकांना सांगायला नको. ताई स्वतः दहावी झालेल्या.

मार्च 2020 मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. जून उजाडला तरी उघडण्याचे चिन्ह नव्हते. शिक्षक मोबाइलवर धडे पाठवीत, पण घरात मोबाइल एकच, तो नवऱ्याच्या खिशात, आणि वस्तीवर रेंज येई ती विहिरीच्या काठावर उभे राहिले तर! थोरली मुलगी सातवीत, मुलगा पाचवीत, धाकटी पहिलीत. ताईंनी ठरवले, आपणच शिकवायचे.

पहिला प्रयत्न फसला. त्यांनी शाळेसारखीच शाळा भरवली. दहा वाजता मुले ओसरीवर, पाच वाजता सुट्टी. पण मुलांचे गणित तपासेपर्यंत धारेची वेळ टळू लागली. रोज उशीर, त्यात घाईने अर्धवट काढलेले दूध. पंधरा दिवसांत एका गाईच्या कासेला दगडी झाली. डॉक्टरांचा खर्च झाला, एका सडाचे दूध गेले, नवरा बोलला, सासूबाई बोलल्या. मी वस्तीवर गेलो तेव्हा ताई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "साहेब, मला एक तर गाय सांभाळता येते, नाही तर पोरं. दोन्ही जमत नाही."

मी काय सांगणार? मी आपला बियाण्याच्या उगवण चाचणीचा कागद द्यायला गेलो होतो. तो दिला आणि निघालो.

पण तो कागदच त्यांच्या उपयोगी पडला. वाचकांना आठवत असेल, 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने काढणीला आलेले सोयाबीन भिजवले होते. पुढच्या खरिपात बी उगवले नाही, अशा तक्रारी ठिकठिकाणाहून आल्या. म्हणून घरचे बी पेरण्याआधी तपासा, असे आम्ही घसा फोडून सांगत होतो. रीत सोपी आहे. सरसकट शंभर दाणे घ्यायचे, निवडून नव्हे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वर दुसरा ओला गोणपाट टाकून गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल सुकू द्यायची नाही. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर एकरी तीस किलो बी पुरते.

ताईंनी हे काम मुलांवर सोपवले. धाकटीने दाणे मोजले. पहिलीतल्या पोरीला शंभरपर्यंत मोजायला याहून चांगला धडा कोणता? मुलाने रोज पाणी शिंपडले. सहाव्या दिवशी उघडले तर उगवले त्रेसष्ट! आता बी किती लागेल? मुलाने झटकन हिशेब मांडला आणि उत्तर आणले सत्तावीस किलो. ताईंनी खाडाखोड केली नाही, रागावल्याही नाहीत. एवढेच विचारले, "बाळा, बी कमी उगवतंय, मग कमी टाकायचं का जास्त?" पोरगा थांबला. थोरलीने पाटी ओढून घेतली. तीस गुणिले सत्तर, भागिले त्रेसष्ट. एकरी तेहतीस किलो आणि वर थोडे. वडील त्या वर्षी नेहमीप्रमाणे तीस किलोच पेरणार होते. ते पाटीकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तेहतीस तर तेहतीस."

त्या दिवसापासून ताईंच्या घरची शाळा बदलली. कामे थांबवून शाळा भरवण्याऐवजी कामातच शाळा बसवली. दुधाच्या पावत्यांवर लिटर, फॅट, दर असतात. मुलगा रोज वहीत उतरवी आणि दहा दिवसांची बेरीज संकलन केंद्राच्या बिलाशी ताडून पाही. तळ आणि तोंड सारखे असलेला एक सरळ डबा अंगणात उघड्यावर, झाडापासून दूर ठेवला आणि पडलेला पाऊस पट्टीने मोजला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. तेव्हा एक मिलिमीटर पावसात एकरावर चार हजार लिटरहून अधिक पाणी पडते, हे थोरलीने काढले तेव्हा खुद्द आजीबाईंनी तोंडात बोट घातले. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे आम्ही म्हणतो ते का, हे त्या घरात मला पुन्हा सांगावे लागले नाही.

वाचनाचे काय? या घरात रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होते. पूर्वी वडील पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचीत. आता ती पाळी मुलांकडे आली. धाकटी अक्षर-अक्षर लावी आणि सगळे घर धीर धरून ऐके. जोंधळ्याची भाकरी निवून जाई, पण कुणी घाई करीत नसे. कुणाच्या घरी हरिपाठ असेल, कुणाच्या घरी पोथी, कुणाच्या घरी कुराण. संध्याकाळची ती अर्धी घटका हाताशी आहेच, ती मुलांच्या वाचनाला लावा, एवढेच माझे म्हणणे. रविवारी मंडळीत उपासनेला जायचे, म्हणून त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. मी विचारले, "मग कामालाही सुट्टी का?" ताई हसून म्हणाल्या, "रविवार देवाचा आहे साहेब, पण गाईला रविवार कळत नाही."

एकदा गेलो तर घरातून पेटीचा सूर ऐकू आला. ताई पेटी वाजवीत होत्या. माहेरी वडील भजनाला पेटीवर बसत, त्यांच्याकडून त्या शिकल्या होत्या. लग्नात ती पेटी बरोबर आली आणि चौदा वर्षे खाटेखाली पडून राहिली. वर कांद्याच्या बियांच्या पिशव्या! मुलांचे अभ्यास कामात बसल्यावर दुपारी तीनला अर्धा-पाऊण तास मोकळा निघाला. तेव्हा त्यांनी पेटी बाहेर काढली, धूळ झाडली, भाता नीट करून घेतला. सासूबाईंना ते पटले नव्हते. त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "पेटी वाजवून गाय दूध जास्त देते का?" ताई उलट बोलल्या नाहीत. पण पेटीही बंद केली नाही.

भगिनींनो, इथपर्यंत सगळे गोड झाले. खरी कसोटी पुढे आली.

ऑक्टोबर 2021 मध्ये ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा सुरू झाले. थोरली आता आठवीत. दीड वर्षात ती घरात इतकी तरबेज झाली होती की संध्याकाळची धार तिची, भांडी तिची, धाकटीचा अभ्यास तिचा. वडील म्हणाले, "घर छान चाललंय. सात यत्ता झाल्या. आता कशाला तीन किलोमीटर पाठवायची?" माणूस वाईट नव्हे. घरात एक जोडी हात कमी होणार, ही त्यांची धास्ती खरी होती. आईने मुलीला घरी शिकवले, आणि त्याच शिकवण्यामुळे मुलगी घरातच अडकणार, अशी वेळ आली.

ताई त्या रात्री भांडल्या नाहीत. त्यांनी एका कोऱ्या कागदावर थोरली दिवसभर काय काय करते ते लिहिले. अकरा कामे निघाली. प्रार्थनेनंतर तो कागद सगळ्यांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ह्यातलं एकेक काम ज्याला झेपेल त्यानं उचलायचं. उरेल ते माझं. माझी पेटी गेली तरी चालेल, पण पोरगी शाळेत जाईल."

थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, भांडी मी घासीन. आजीबाईंनी कोंबड्या आणि धाकटीची वेणी घेतली. वडिलांनी सर्वात शेवटी कागद हातात धरला आणि संध्याकाळची धार आपल्याकडे घेतली. पुढे त्यांनी कडबाकुट्टी आणली, त्यामुळे वैरणीचा वेळ वाचला. आणि पेटी? रोजची राहिली नाही. आठवड्यातून तीन दिवस आणि रविवार. गंमत अशी की पेटी वाजली नाही त्या दिवशी सासूबाईच विचारतात, "आज गप का?"

ती मुलगी 2024 साली चांगल्या गुणांनी दहावी पास झाली आणि पुढे शिकते आहे.

याच राहुरी-नगर भागात (नगरला आता अहिल्यानगर म्हणतात) लक्ष्मीबाई टिळक राहून गेल्या. जन्म 1868 चा. शाळेत गेल्या नाहीत, अकराव्या वर्षी लग्न झाले, अक्षरओळख घरीच, नवऱ्याकडून झाली. संसाराची ओढाताण, धर्मांतरामुळे झालेली ताटातूट, घरात आपली आणि सांभाळलेली लेकरे. या सगळ्यातून त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिले, आणि रेव्हरंड टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या मागे पूर्ण केले. त्यांच्या हातची लेखणी कुणी खाटेखाली ठेवायला लावली असती तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

तेव्हा आता माझ्या सवयीप्रमाणे काही सूचना मांडतो.

एक. आठवडाभर घरातल्या प्रत्येकाचा दिवस कागदावर लिहा. कोण केव्हा उठते, काय करते, केव्हा टेकते. बोलून जे पटत नाही ते कागदावर दिसते.

दोन. जे हलवता येत नाही ते आधी ठरवा. धारेच्या दोन वेळांत शक्यतो सारखे अंतर हवे, बारा तासांचे उत्तम. बाकीची कामे त्याभोवती बसवा.

तीन. मुलांचा घरचा अभ्यास अर्ध्या-अर्ध्या तासाचा ठेवा आणि दिवसातला एक धडा शेतातून किंवा गोठ्यातून घ्या. चूक झाली तर उत्तर सांगू नका, प्रश्न विचारा.

चार. घरची शाळा ही गावच्या शाळेला जोड आहे, बदली नव्हे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क 2009 च्या कायद्याने दिलेला आहे. काही कारणाने शाळा सुटलीच असेल, तर चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येते. दार बंद झाले असे समजू नका.

पाच. घरकाम मुलग्यालाही शिकवा. भांडी घासून कुणाचा हात लहान होत नाही.

सहा. माउलीचा स्वतःचा अर्धा तास धारेइतकाच पक्का धरा. मग ती गोधडी शिवो, ओव्या म्हणो, परसात फुलझाडे लावो, वाचो किंवा नुसती बसो.

शेवटी माझी कबुली. वीस वर्षे मी शेतकरी मेळावे सकाळी अकराला घेत आलो आणि बायका येत नाहीत म्हणून अहवालात 'महिलांचा प्रतिसाद अल्प' असे लिहीत आलो. अकराला बाई खुरपणीला असते, येणार कुठून? आता मी सभा दुपारी तीनला घेतो आणि सतरंजी अपुरी पडते.

त्याच सुमारास एका संध्याकाळी घरी मी सौभाग्यवतींना विचारले, "लग्नाआधी तुला काय करायला आवडायचं?" ती आधी हसली, मग बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भरतकाम. पण आता डोळे साथ देत नाहीत." सत्तावीस वर्षांनी विचारले होते मी! दुसऱ्या दिवशी तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो.

बंधूंनो, तुम्ही इतका उशीर करू नका. आज रात्री जेवताना विचारा. आणि उत्तर काय मिळाले ते मला जरूर कळवा.