नाद आणि त्याचें पात्र

घरांत रॉक संगीताचा विषय निघाला म्हणजे तत्काळ दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांच्या मतें तो निव्वळ गोंगाट. तरुणांच्या मतें वडीलधाऱ्यांस कानच नाहींत. आम्ही वयानें पहिल्या पक्षांतले आणि आवडीनें दुसऱ्या पक्षांतले. सारी हयात शब्दांचीं रूपें आणि धातु चालविण्यांत गेली, तरी बीटल्स आणि पिंक फ्लॉइड या मंडळींवर आमचा लोभ आहे, हें या सदराच्या जुन्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु आजचा विषय तो जुना वाद नव्हे. अलीकडे वाचकांची जी तक्रार वारंवार कानीं येते ती निराळीच आहे. घरांत संगीत पूर्वींच्या शतपट आहे, पण एकानें लाविलेलें दुसऱ्यास ऐकूं येत नाहीं. पांच माणसें आणि पांचांच्या कानांत पांच यंत्रें. सून काय ऐकते हें सासूस ठाऊक नाहीं, आणि नातू काय ऐकतो हें आजोबांस ठाऊक नाहीं. मोठ्यानें लावून भांडण झालें असतें तरी पुरवलें असतें. निदान एकमेकांची आवड तरी कळली असती!

ही स्थिति एकाएकीं आलेली नव्हे. न्यायशास्त्र शब्दास आकाशाचा गुण मानतें, आणि आकाशास तर आकार नाहीं. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांत मनुष्यानें हा निराकार नाद ज्या ज्या पात्रांत भरला, त्या त्या पात्राचा आकार तो घेत गेला. आणि ऐकणाऱ्याचें चित्तही त्याच्या मागोमाग तोच आकार घेत गेलें. रॉक संगीताचें सारें आयुष्य या पात्रांच्या फेरबदलांतच गेलें असल्यामुळें या गोष्टीस त्याच्यासारखा दुसरा दाखला नाहीं.

पहिलें पात्र लाखेच्या तबकडीचें. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मावत. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित झालें, तेव्हांपासून आपल्या गवयांस तासभराचा ख्याल या चिमुकल्या डबींत बसवावा लागला, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनीं तो बसवूनही दाखविला. पाश्चात्त्य सुट्या गाण्याची तीन मिनिटांची मर्यादा हीही याच डबीची देणगी. १९५४ सालीं मेंफिस शहरीं एल्व्हिस प्रेस्लीनें ज्या गाण्यानें आपल्या कीर्तीस आरंभ केला, तें तर दोन मिनिटांतच संपतें.

१९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला तेहतीस व एकतृतीयांश फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी बाजारांत आणिली, आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटें मावूं लागलीं. आरंभीं पुष्कळ वर्षें रॉकवाल्यांस या ऐसपैस जागेचें काय करावें हेंच उमगलें नाहीं. दहाबारा सुटीं गाणीं एकत्र बांधलेलें गाठोडें एवढाच तिचा अर्थ होता. बीटल्सच्या पहिल्या तबकडीवरील चौदा गाण्यांपैकीं दहा गाणीं ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसांत मुद्रित झालीं. पुढें १९६६ च्या ऑगस्टांत सान फ्रान्सिस्को येथें त्यांनीं शेवटचा जाहीर जलसा केला, आणि नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत लंडनच्या मुद्रणगृहांत स्वतःस कोंडून घेतलें. त्यांतून १९६७ ची ‘सार्जंट पेपर’ निघाली. तिच्या अखेरीस पियानोचा एकच स्वरसमूह चाळीस सेकंदांहून अधिक काळ विरत जातो. आणि इंग्लंडांतील मूळ तबकडीवर, सुई जेथें गोल गोल फिरत राहते त्या शेवटच्या खांचेंत, त्यांनीं कांहीं अर्थहीन बडबड कोरून ठेविली होती. श्रोत्यानें उठून सुई उचलीपर्यंत ती थांबत नसे. पात्राच्या कांठापर्यंत, किंबहुना कांठावरही, ज्यांनीं चित्र काढिलें असे हे पहिले कलावंत. म्हणून आमच्या पंक्तींत त्यांचा पाट पहिला.

याच तबकडीवर जॉर्ज हॅरिसनचें सतार, दिलरुबा आणि तबला यांच्या साथीचें एक गाणें आहे. तो पुढें १९६८ च्या जानेवारींत मुंबईस आला आणि एच. एम. व्ही. च्या मुद्रणगृहांत येथल्या वादकांकडून त्यानें ‘दि इनर लाइट’ या गाण्याचें वादन मुद्रित करून घेतलें. त्याचे शब्द चिनी ताओ-ग्रंथावरून घेतलेले. पण ते त्यास पत्रानें सुचविणारे गृहस्थ म्हणजे केंब्रिजचे संस्कृतज्ञ, गीता व उपनिषदें यांचे इंग्रजी अनुवादक, हुआन मास्कारो. संस्कृताच्या मास्तराचा आणि रॉकचा संबंध काय, असें जे पुसतात त्यांस आमचें हें उत्तर आहे.

दुसरा पाट पिंक फ्लॉइडचा. १९७३ च्या ‘डार्क साइड ऑफ दि मून’ या तबकडीच्या पहिल्या बाजूचा शेवट शब्दांवांचून गाइलेल्या एका स्त्रीकंठाच्या आक्रोशानें होतो. मग सुई उचलावयाची, तबकडी उलटावयाची, आणि दुसरी बाजू नाण्यांच्या खणखणाटानें सुरू व्हावयाची. मृत्यु आणि पैसा यांमधला तो क्षणभराचा विराम श्रोत्याच्या हातून घडत असे. नाटकाच्या दोन अंकांमध्यें पडदा पडावा तसा. दोन वर्षांनीं आलेल्या ‘विश यू वेअर हिअर’मधील पहिल्या गाण्यांत तर पहिला शब्द कानीं पडण्यास आठ मिनिटांहून अधिक वेळ लागतो. विलंबित आलापाची गोडी ज्या घरास आहे, त्या घरास हें संगीत परकें वाटूं नये. लेड झेपेलिन यांचें १९७१ चें ‘स्टेअरवे टु हेवन’ हेंही असेंच आठ मिनिटांचें. तें त्यांनीं इंग्लंडांत किंवा अमेरिकेंत सुटें म्हणून विकूंच दिलें नाहीं. ज्यास तें हवें त्यानें अख्खी तबकडी घ्यावी. असा हट्ट आम्हांस आवडतो.

हॉलंडच्या फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत कॅसेट मांडली. ध्वनि किंचित् हिणकस, फितीची सळसळ सदैव पाठीशीं. पण ती स्वस्त होती, आणि ती कोरी मिळे हा तिचा खरा गुण. दमदमच्या कारखान्यांतून निघालेली तबकडी शहरांतल्या एखाद्या श्रीमंत मित्राकडे असे, आणि तीवरून उतरवून घेतलेली कॅसेट दहा घरें फिरे. पोथीची नक्कल करावी तशी ही नक्कल. गाण्यांचीं नांवें सुवाच्य अक्षरांत लिहावयाचीं, आणि मित्रास कोणतें गाणें आधीं ऐकवावें याचा विचार करावयाचा. आमच्या पिढीस रॉक संगीत भेटलें तें बहुशः असेंच, हातोहात.

परंतु याच कॅसेटच्या पोटीं १९७९ च्या जुलैमध्यें सोनी कंपनीचा वॉकमन जन्मला, आणि घरांतल्या आजच्या शांततेचें मूळ तेथें आहे. एक गोष्ट मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. त्या पहिल्या यंत्रास कानयंत्रें जोडण्याच्या जागा दोन होत्या, आणि मध्येंच एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून एक नारिंगी बटणही होतें. सोनीचे चालक अकिओ मोरिता यांस चारचौघांत एकट्यानेंच संगीत ऐकणें असभ्यपणाचें वाटलें होतें, म्हणून ही योजना. लोकांस ती सोय नको होती. पुढच्या यंत्रांतून ती गेली, आणि एकट्याचें ऐकणें तेवढें उरलें.

१९८२ सालीं आलेल्या सीडीविषयीं फार लिहावयास नको. ती सेकंदास ४४,१०० वेळां नादाचें माप घेते, तिला सळसळ नाहीं आणि बाजूही नाहींत; अर्थात् तो मधला पडदाही नाहीं. जागा वाढली. डायर स्ट्रेट्स यांच्या १९८५ च्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’मधील कांहीं गाणीं सीडीवर पूर्ण आहेत आणि तबकडीवर तीं आंखूड करावीं लागलीं. पण सोयीबरोबर एक दोषही शिरला. दुसऱ्यापेक्षां आपलें गाणें मोठें वाजावें या चढाओढींत सौम्य आणि उच्च यांतील अंतर दाबून सारेंच उच्च करण्याची खोड लागली. मेटॅलिका या मंडळींच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर त्यांच्याच चाहत्यांनीं हा आक्षेप घेतला होता. ज्यांत विराम नाहीं असें वाक्य वाचतांना जसा दम लागतो, तसें हें ऐकतांना होतें.

तथापि याच मेटॅलिकाचा एका बाबतींत आम्ही कैवार घेऊं. कानास जें एरवीं जाणवणार नाहीं तें गाळून नादाचा आकार दहाव्या हिश्शावर आणणारी एमपी-थ्री युक्ति निघाली, आणि १९९९ सालीं नॅप्स्टरवरून जगभर फुकट देवघेव सुरू झाली. २००० सालीं मेटॅलिकानें तीवर दावा लाविला, तेव्हां तरुणांनीं त्यांस लोभी म्हटलें. वस्तुतः मागणें एवढेंच होतें कीं, केलेल्या कामावर करणाऱ्याचा हक्क असावा. मित्रास एक कॅसेट देणें निराळें आणि अनोळखी लक्षावधींस वांटणें निराळें. रेडिओहेड यांनीं २००७ सालीं ‘इन रेनबोज’ हें संगीत ‘वाटेल तें मोल द्या’ म्हणून मांडलें, तो याच प्रश्नाचा अधिक शहाणा तोडगा होता. परंतु आधींच नांवारूपास आलेल्यांसच तो परवडतो.

आतां स्ट्रीमिंग. स्पॉटिफाय २००८ सालीं स्वीडनमधून निघाली आणि २०१९ च्या फेब्रुवारींत हिंदुस्थानांत आली. येथें पात्रच नाहीं, नळ आहे. गाणें तीस सेकंद वाजलें कीं एक वेळ ऐकल्याची नोंद होते, आणि कलावंताच्या पक्षास दर वेळीं एका अमेरिकन सेंटाहूनही कमी मिळतें. मग नवीं गाणीं पहिल्या दहा सेकंदांतच श्रोत्याचा पदर कां धरूं पाहतात, हें कोडें उरत नाहीं. आठ मिनिटें शब्दावांचून थांबण्याचें धाडस आज नवख्या मंडळींनीं कशाच्या भरंवशावर करावें?

यावर पूर्वपक्ष असा कीं, आजोबा, तुमच्या काळीं एका तबकडीसाठीं महिनाभर पैसे सांठवावे लागत. आज खेड्यांतला मुलगा दोनचार रुपये रोजांत जगांतलें बहुतेक संगीत ऐकतो. हें खरें आहे, आणि थोर आहे. त्याची अवहेलना करणारास आम्ही दुराग्रही म्हणूं. एकट्याचें ऐकणेंही सर्वथा वाईट नव्हे. दिवसभर घराच्या हांकांना ओ देणाऱ्या सुनेस कानांतलें तें यंत्र हेंच एकांताचें एकमेव दालन असेल. तें कोणी तिच्यापासून काढून घेऊं नये. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याच्या डोक्याशीं कोणी ढोल बडवूं नये, हेंही योग्यच.

आमचा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. पहिली स्वामित्वाची. वर्गणी थांबली कीं घरांत कांहींच उरत नाहीं. आणि वर्गणी चालू असतांही गाणें जाऊं शकतें. २०२२ सालीं नील यंग यांनीं एका वादावरून आपलीं गाणीं स्पॉटिफायवरून काढून घेतलीं आणि तीं २०२४ पर्यंत तेथें नव्हतीं. ज्यांच्या फडताळांत त्यांची तबकडी होती त्यांस मात्र याचा पत्ताही लागला नसेल. याउलट एका साध्या कॅसेटची कथा पाहा. जॉन लेनन यांनीं १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस घरीं पियानोवर बसून एक गाणें कॅसेटवर टिपून ठेविलें. १९८० सालीं त्यांचा खून झाला. कॅसेट पत्नीनें जपली आणि १९९४ सालीं मित्रांच्या हवालीं केली. पियानोच्या आवाजांतून कंठ सोडवितां येईना म्हणून १९९५ सालीं तो नाद सोडावा लागला. पण त्या वेळचें हॅरिसन यांचें गिटारवादन राहिलें. तेही २००१ सालीं वारले. अखेर संगणकाच्या नव्या विद्येनें कंठ निराळा काढतां आला, आणि २०२३ च्या नोव्हेंबरांत ‘नाऊ अँड देन’ हें बीटल्सचें गाणें चौघांच्याही सहभागानें जगापुढें आलें. कोणीतरी फडताळांत ती वस्तु ठेविली होती, म्हणूनच हें घडलें.

दुसरी गोष्ट अवधानाची, आणि ती अधिक महत्त्वाची. आपल्याकडे श्रवण ही पहिली पायरी आणि मनन ही दुसरी. नळ अखंड वाहतो, तेव्हां मननास अवकाश कोठून? तरुणांसही हें जाणवलें असावें. अमेरिकेंत २०२२ सालीं सुमारें ४ कोटी १० लाख तबकड्या खपल्या आणि सीडी सुमारें ३ कोटी ३० लाख. तबकडीनें सीडीस मागें टाकण्याची १९८७ नंतरची ती पहिलीच वेळ. यांत मिरवण्याची हौसही असेल, पण वीस मिनिटें एका जागीं बसविणारी वस्तु लोक पैसे देऊन विकत घेतात, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र यासाठीं कोणी महागडें यंत्र आणावें असें आम्ही म्हणत नाहीं. आठवड्यांतून एक रात्र, जेवणें उरकल्यावर, तबकडीची एक बाजू होईल एवढी वीस मिनिटें घरांतल्या सर्वांनीं मिळून एक संगीत मोठ्यानें ऐकावें. यंत्र मोबाइलचें असलें तरी चालेल. पाळी एकदां धाकट्यांची, एकदां वडिलांची. धाकट्यांनीं ‘डार्क साइड’ची पहिली बाजू लावावी, वडिलांनीं मल्लिकार्जुन मन्सुरांची एखादी ध्वनिमुद्रिका. मध्यें कोणीं उठूं नये, बोलूं नये, गाणें पुढें ढकलूं नये. संपल्यावर प्रत्येकानें काय आवडलें तें एका वाक्यांत सांगावें; काय आवडलें नाहीं तें दुसऱ्या दिवसावर ठेवावें. नातवास आजोबांच्या मारव्यांत झोप येईल, आजोबांस नातवाच्या गिटारानें कपाळशूळ उठेल. पण कोणास कशाची ओढ आहे हें घरास कळेल. कपाळशुळावर सुंठ उगाळून लावितां येते.