ट्रॉली आमची, जोखीम कुणाची?



ट्रॅक्टर घेताना आपण दहा जणांना विचारतो. हॉर्सपॉवर किती, डिझेल किती पितो, बँकेचा हप्ता कसा पडतो, सगळं मांडून पाहतो. ट्रॉली घेताना मात्र प्रश्न एकच असतो : माल किती बसतो? ती थांबते कशी, तिचे कागद कुठे आहेत, तिच्यापायी उद्या कोर्टात कोण उभं राहणार, हे कुणी विचारत नाही. बनवणारा सांगत नाही, विम्याचा एजंट सांगत नाही, आरटीओच्या दारातला दलाल तर मुळीच सांगत नाही. धंदा सगळ्यांचा होतो आणि जोखीम तेवढी शेतकऱ्याच्या सातबारावर येऊन बसते.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड तालुक्यातल्या आलेगाव शिवारात मजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात जणी बुडून मेल्या. मुख्यमंत्र्यांनी वारसांना ५ लाख जाहीर केले, पंतप्रधान निधीतून २ लाख जाहीर झाले. मदत मिळायलाच पाहिजे. पण ती मेहेरबानी होती, हक्क नव्हता. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यात २ लाख मिळतात, पण ते खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या भूमिहीन बाईचं नाव त्या योजनेत बसत नाही. म्हणजे जी रोज ट्रॉलीत चढते, तिच्याच मरणाला हिशेबात जागा नाही.

आता कायदा सरळ समजून घेऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ट्रॅक्टर हलक्या वाहनात धरला आहे. अट एवढीच, की ट्रॅक्टरचं रिकामं वजन ७,५०० किलोंच्या वर नसावं. आपला ४५-५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन-सव्वादोन टनांचा असतो. तेव्हा हलक्या वाहनाचं लायसन पुरतं. तरीही भरपाईची वेळ आली की विमा कंपन्यांनी वर्षानुवर्षं एकच पळवाट धरली : मागे ट्रॉली लागली, तिच्यात माल भरला, म्हणजे हे मालवाहू वाहन झालं, ड्रायव्हरच्या लायसनवर तसा शिक्का नाही, सबब आम्ही काही देणं लागत नाही.

सुप्रीम कोर्टानं २००१ साली नागशेट्टी खटल्यात ही पळवाट बंद केली. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टर चालवणाऱ्याचं लायसन बाद होत नाही, असं स्पष्ट सांगितलं. कंपन्यांचं समाधान झालं नाही. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात तीन न्यायाधीशांनी आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सांगितलं, की ७,५०० किलोंच्या आतल्या मालवाहू वाहनालाही हलक्या वाहनाचं लायसन चालतं, वेगळा शिक्का लागत नाही. पहिल्या निकालापासून शेवटच्यापर्यंत तेवीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत वकिलाची फी भरून थकलेल्या माणसांना ती कोण परत देणार?

पण यातली मेख ध्यानात घ्या. घरचा कापूस जिनिंगला आणि घरचा कडबा गोठ्यात नेणारा ट्रॅक्टर शेतीचा. तोच ट्रॅक्टर भाड्यानं ऊस, वाळू, मुरूम, विटा ओढायला लागला की गोष्ट बदलते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून मालवाहू गाडी ठरते, तिला परमिट लागतं, हे सुप्रीम कोर्टानं २००५ साली सांगितलेलं आहे. मालवाहू गाडीचं वजन धरतात ते भरलेलं, रिकामं नव्हे. दोन टनांचा ट्रॅक्टर, दीड-दोन टनांची ट्रॉली आणि वर पाच-सहा टन माल : ७,५०० किलोंची रेषा केव्हाच ओलांडली. मग साधं लायसन तोकडं पडू शकतं. भाड्याचे चार पैसे मोजताना ही जोखीमही मोजा.

सालगड्याच्या किंवा पोराच्या हाती बिनलायसनचा ट्रॅक्टर दिला तर काय होतं, तेही ऐका. अपघातात दुसरा कुणी दगावला, तर कोर्ट बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी पैसे भरायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. त्या वसुलीला तुमच्या जमिनीशिवाय दुसरं काय आहे? पोरगा अठरा वर्षांच्या आतला असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनं पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे.

सगळ्यात वाईट अवस्था ट्रॉलीत बसलेल्या माणसाची. ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही, असं कायदा धरतो. २००७ साली ब्रिजमोहन खटल्यात ट्रॉलीवरून पडून जखमी झालेल्या मजुराबद्दल सुप्रीम कोर्टानं विमा कंपनी जबाबदार नाही असंच ठरवलं. त्या मजुराची दया येऊन कोर्टानं आपला खास अधिकार वापरला, कंपनीला आधी भरायला लावलं आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगितलं. कोर्टाची दया प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

आता ट्रॉली कशी निवडावी. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. दोन टनांचा ट्रॅक्टर मागच्या सहा-सात टनांना थांबवणार कसा? बालाघाटच्या उतारावर, कंधार-मुखेडकडे किंवा अहमदपूरकडे, बिनब्रेकची भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, आडवी येते आणि दोन्ही उलटतात. म्हणून ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक आहेत का, हा पहिला प्रश्न. कोरडवाहू शेतकऱ्याचा माल कापूस आणि कडबा, म्हणजे हलका पण उंच. त्याला उसाची अवजड ट्रॉली लागत नाही. बुटकी आणि रुंद ट्रॉली लागते, फाळके वाढवून मनोरा केलेली नव्हे. दोन चाकांच्या ट्रॉलीत माल मागे जास्त झाला तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. पुढे जास्त झाला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. हुकाला खिळीबरोबर साखळी हवीच. डावा-उजवा ब्रेक जोडणारी पट्टी रस्त्यावर लावलेलीच पाहिजे. उतारावर न्यूट्रल करणं म्हणजे चार थेंब डिझेलसाठी जीव देणं. मागे लाल दिवा आणि रेडियम पट्टी लावा. आणि ट्रॉलीचं पासिंग करून तिचा नंबर पॉलिसीवर लिहून घ्या. एकट्या ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीला पुरेल असं धरून चालू नका.

कुणी म्हणेल, मग बायांनी रानात जायचं कसं? प्रश्न खरा आहे. शिवारापर्यंत एसटी येत नाही, सात-आठ किलोमीटर पायी गेलं तर अर्धा रोज वाटेतच जातो. नुसती बंदी घातली तर रोज बुडेल तो बाईचाच. २०२२ च्या ऑक्टोबरात कानपूरजवळ ट्रॉली तळ्यात पडून पंचवीसहून जास्त भाविक मेले, तेव्हाही सरकारनं ट्रॉलीत माणसं बसवू नका असं बजावलं. बजावायला पैसे लागत नाहीत. आमचं म्हणणं असं, की चार शेतकऱ्यांनी मिळून काळी-पिवळी करावी आणि तिचं भाडं मजुरीत धरावं. मजुराची ने-आण हा उत्पादन खर्च आहे. कापसाचा आणि ज्वारीचा भाव मागताना तो आपण मांडला पाहिजे. आज तो खर्च भावात येत नाही, म्हणून तो बायांच्या जिवावर भागवला जातो.

तेव्हा जिल्हा बैठकीत या मागण्या मांडायच्या आहेत :

१. नांदेड आणि लातूरच्या आरटीओनं सुगीच्या आधी प्रत्येक तालुक्यात बाजाराच्या दिवशी ट्रॅक्टर लायसन आणि ट्रॉली पासिंगचे कॅम्प घ्यावेत.

२. बिनब्रेकची ट्रॉली विकणाऱ्यावर कारवाई व्हावी. रस्त्यावर अडवलेल्या शेतकऱ्याची पावती फाडून प्रश्न सुटत नाही.

३. शेतकामाला जाता-येता अपघात झालेल्या मजुराला विम्याचं संरक्षण कायद्यानंच मिळावं.

४. अपघात योजनेत भूमिहीन मजूर बाईचं नाव आलं पाहिजे.

आणि एक काम सरकारची वाट न पाहता करायचं. भरलेल्या मालावर, हुकावर आणि मडगार्डवर माणूस बसवायचा नाही, असा ठराव प्रत्येक गावशाखेनं करून बैठकीला यावं. ठरावावर ट्रॅक्टर मालकांच्या सह्या हव्यात. शेजारी मजूर बायांचे अंगठेही हवेत, कारण जीव त्यांचा आहे.