निर्णय आधी, कारणं मागाहून

अमुक का निवडलं, असं विचारलं की बहुतेकांकडे उत्तर तयार असतं. ते प्रामाणिकही असतं. खरं असेलच, याची मात्र खात्री नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून जास्त आवडलेला निवडायला सांगितलं. मग हातचलाखीने फोटो बदलून नाकारलेलाच चेहरा त्यांच्या हाती दिला आणि आवडण्याचं कारण विचारलं. अदलाबदल बहुतेकांच्या लक्षातही आली नाही. कुणी तर कानातल्यांमुळे ही आवडली म्हणालं. मुळात निवडलेल्या बाईच्या कानात काहीच नव्हतं! म्हणजे जे समोर दिसतं त्यातूनच आपण कारण विणतो आणि तेच आधीपासून मनात होतं असं मानतो.

चेहरा निवडणं ही किरकोळ बाब, गंभीर प्रश्नांवर माणूस विचार करूनच बोलतो, असा आक्षेप यावर घेता येईल. पण याच संशोधकांनी पुढे नैतिक मतांच्या प्रश्नावलीतली काही विधानं गुपचूप उलटी केली, तेव्हाही अनेकांनी स्वतःच्या मताच्या विरुद्ध बाजूचं समर्थन केलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारणांवर विश्वासच ठेवायचा नाही, तर जाब कुणाला विचारायचा? याचं उत्तर आपल्या न्यायव्यवस्थेने केव्हाच शोधलं आहे. अंधेरीतल्या एका नियोजित चित्रपटगृहाची परवानगी १९४७ मध्ये रद्द झाली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा गोरधनदास भानजी खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं, की सरकारी आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा; आपल्या मनात काय होतं, हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालणार नाही. मोहिंदरसिंग गिल खटल्यातही हेच सूत्र आलं: आदेशात नसलेली कारणं नंतर प्रतिज्ञापत्रातून जोडता येत नाहीत. इथे अधिकाऱ्याला खोटारडा ठरवलेलं नाही. जाब विचारायचा तो त्या वेळी लिहून ठेवलेल्या कारणाबद्दल, एवढंच.

अर्थात आदेशातलं कारणसुद्धा निर्णय झाल्यावर सुचलेलं असू शकतं. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत निकष आणि त्यांचे गुण उमेदवार आत येण्याआधी ठरायला हवेत, आणि समितीच्या प्रत्येक सदस्याने आपसांत चर्चा होण्यापूर्वी आपले गुण स्वतंत्रपणे नोंदवायला हवेत. ‘आत्मविश्वास कमी वाटला’ हा शेरा आधी ठरलेल्या कोणत्या निकषात बसतो, हे मग नाकारलेल्या उमेदवारालाही विचारता येईल.